हिरेकोडीत हिरा शोधण्याची सोपी पद्धत

चिकोडी तालुक्याचा नकाशा पुढ्यात घ्या. चिकोडीच्या शेजारीच हिरेकोडी नावाचं गाव दिसेल. मराठी शाळेत शिकलेल्या कुठल्याही होतकरू माणसाच्या डोक्यात इथे दिवा लागतो. नावातच हिरे! अशा माणसाने ताबडतोब कंपनी काढावी, माहितीपत्रक छापून घ्यावं, आणि मगच एखाद्या कानडी शेजाऱ्याला गावाच्या नावाचा अर्थ विचारावा. आधी विचारलंत तर तो सांगेल की कन्नडात 'हिरे' म्हणजे थोरला आणि 'चिक्क' म्हणजे धाकटा. हिरेमठ आडनावाच्या माणसाकडेही मठ थोरला असतो, तिजोरी नव्हे. ही माहिती कंपनीची नोंदणी होण्याआधी कळली तर सगळाच बेत मोडतो.

काढायची आहे ती 'ज्युनिअर' कंपनी. नाव ऐकून ज्युनिअर कॉलेज आठवत असेल तर फारसं चुकलेलं नाही. दोन्हीकडे कमाई शून्य, खर्च दुसऱ्याचा आणि निकाल पुढे कधीतरी. खाणधंद्यात ज्युनिअर म्हणजे जिच्याकडे एकही खाण नाही अशी खाण कंपनी. तिच्याजवळ असतो तो एक परवान्याचा कागद, दोन भूवैज्ञानिक, भाड्याने आणलेलं ड्रिलिंगचं यंत्र आणि विकायला भरपूर शेअर. टोरांटो आणि व्हँकुव्हरकडे अशा कंपन्यांचं पेवच फुटलेलं असतं. हिरा सापडला तर एखादी बडी कंपनी येऊन ही छोटी विकत घेते. नाही सापडला तर छोटी नाव बदलते आणि पुढच्या वर्षी लिथियम शोधायला लागते.

हे सगळं आपल्याला जमेल का, अशी शंका चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने मुळीच घेऊ नये. तो गेली चाळीस वर्षं हेच करतो आहे. तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्या हा त्याचा भूवैज्ञानिक. थेट तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडेहून आलेली बोरची गाडी हे त्याचं यंत्र. सोसायटीचं कर्ज, मेहुण्याची उसनवारी आणि बायकोच्या पाटल्या हे भागभांडवल. सहाशे फूट खाली जाऊन नुसता फुफाटा उडाला की भागधारकांची सर्वसाधारण सभा त्याच रात्री जेवणाच्या ताटावर भरते. आमच्या थोरल्या काकांनी चार बोर मारल्या. पहिल्या दोन कोरड्या. तिसरीला अर्धा इंच पाणी लागलं, ते होळीपर्यंत टिकलं. चौथीत मोटार अडकली ती अडकलीच, पण काका शेवटपर्यंत 'काम चालू आहे' असंच सांगायचे. व्हँकुव्हरला जन्मले असते तर त्या अर्ध्या इंचावर काकांनी 'अत्यंत उत्साहवर्धक निष्कर्ष' म्हणून पत्रक काढलं असतं आणि पाचव्या बोरचे पैसे उभे केले असते.

आता थोडी विद्या. हिरा जमिनीखाली साधारण दीडशे किलोमीटरवर किंवा त्याहून खोल तयार होतो. एवढं खाली कुणी जाऊ शकत नाही, तेव्हा तो वर येण्याची वाट पाहावी लागते. किंबर्लाइट नावाचा शिलारस त्याला ओढून वर आणतो आणि वाटेत नळीसारखी एक 'पाइप' सोडून जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावावरून हे नाव पडलं. पाइप वर रुंद आणि खाली निमुळती, हुबेहूब गाजरासारखी. म्हणजे ही खरोखरच गाजराची पुंगी. फरक इतकाच की वाजली नाही तर मोडून खाता येत नाही. टॉम क्लिफर्ड नावाच्या भूवैज्ञानिकाने १९६६ मध्ये सांगून ठेवलं की असे किंबर्लाइट जुन्यात जुन्या, हलेनाशा झालेल्या भूखंडांवर शोधावेत. आणि आपलं भाग्य असं की दक्षिणेतल्या अशा भूखंडाला नावच धारवाडचं आहे. आंध्रातलं वज्रकरूर याच भूखंडावर. तिथले किंबर्लाइट सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीचे. पहिला पाऊस पडला की त्या भागातल्या शेतांतून माणसं माना खाली घालून हिरे वेचत फिरतात. माहितीपत्रकाचं पहिलं पान इथे भरतं.

दुसऱ्या पानावर जाऊ नका. तिथे पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आणि आपल्या विहिरी ज्यात फोडल्या तो काळा कातळ, आपण ज्याला पाषाण म्हणतो, तो म्हणजे तेच थर. ११० कोटी वर्षांपूर्वीची पाइप खाली असलीच तर तिच्यावर हे पांघरूण पडलेलं आहे. ते किती जाड, हे महाराष्ट्रात दोन ठिकाणी खोल भोकं पाडली तेव्हा कळलं, दोन्हीकडे निमित्त भूकंपाचं. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोर मारली तेव्हा ३३८ मीटर पाषाण पार करावा लागला. कोयनेजवळ गोठण्याला २०१७ मध्ये ३०१४ मीटर खोल बोर पुरी झाली. तिथे १२४७ मीटरवर पाषाण संपला आणि ग्रॅनाइट लागला. भूकंपाबद्दल पुष्कळ कळलं. हिरा कुणी शोधलाच नव्हता.

चिकोडीचं बरं म्हणजे पाषाणाची कड इथून लांब नाही. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा पाहायला गेलात तर घटप्रभा ज्या तांबूस खडकावरून उडी घेते तो पाषाण नव्हे. तो कलादगीचा क्वार्ट्झाइट, पाषाणाहून कितीतरी जुना. रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या साहेबाने हा सगळा मुलूख घोड्यावरून पालथा घालून १८७६ मध्ये त्याचं भूवर्णन छापलं. नवशिक्याने ते एकदा वाचावं. निदान कंपनीच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवावं.

एखादा चौकस भागधारक विचारेल, 'अहो, पण किंबर्लाइट पाषाणाच्या आधीचे असतील तर ते पाषाणात कसे सापडणार?' त्याला छत्तीसगडातलं बेहराडीह सांगा. मैनपूरजवळची ही पाइप दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळातली निघाली. हे खरं आहे. त्याचा चिकोडीशी काही संबंध नाही, हेही खरं आहे. पण भागधारकाने एकच प्रश्न विचारला होता.

मग कृष्णा. येडूरला वीरभद्राचं दर्शन घेऊन घाटावर उभं राहिलं की मनात येतंच: याच नदीच्या काठी, खाली गुंटूरकडे, कोल्लूरची खाण होती. कोहिनूर तिथलाच मानतात. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने कोल्लूरला साठ हजार माणसं खणताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. नदी तीच, तर हिरे तेच. या तर्कात एकच खोट आहे: नदी चिकोडीकडून कोल्लूरला वाहते, कोल्लूरहून चिकोडीला नव्हे. कोल्लूरचे हिरे इथे यायचे तर कृष्णेला उलटं वाहावं लागेल, आणि तिने तसं केलं तर आलमट्टीच्या उंचीवरून चाललेलं भांडण आपोआप मिटेल. कुणी म्हणेल की जाणकार शोधक नदीच्या वरच्या अंगालाच जातात. जातात खरे. इथून वर वर गेलात तर तुम्ही महाबळेश्वरला पोचाल. तिथे स्ट्रॉबेरी मिळते.

तरी वरच्या अंगाला जाणाऱ्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळ्या ज्युनिअर कंपन्या त्या एका गोष्टीवर जगतात. कॅनडाच्या उत्तरेत चार्ल्स फिप्के आणि स्टुअर्ट ब्लसन हे दोघे हिरा शोधत नव्हते, हिऱ्याचे सोबती शोधत होते: जांभळट पायरोप गार्नेट, हिरवा क्रोम डायोप्साइड, काळा इल्मेनाइट. वाळूतल्या या कणांचा माग काढत ते कित्येक वर्षं हिंडले. १९९१ मध्ये लॅक द ग्रास परिसरात त्यांच्या डाया मेट या चिमुकल्या कंपनीच्या बोरमधून ५९ किलो दगड निघाला आणि त्यात ८१ बारीक हिरे मिळाले. १९९८ मध्ये तिथे एकाटी ही खाण सुरू झाली. जगातल्या प्रत्येक ज्युनिअर कंपनीच्या माहितीपत्रकात हे दोघे असतात, जसा बोरच्या प्रत्येक एजंटाच्या तोंडी शेजारच्या गावचा तीन इंच पाणी लागलेला माणूस असतो.

तुम्हीही वाळू चाळून पाहा. कृष्णा-दूधगंगेच्या पात्रात काळे कण चिक्कार मिळतील. हुरळू नका, ते आपल्याच पाषाणाचे. चुंबकीय सर्वेक्षणाचंही तेच. किंबर्लाइटची पाइप चुंबकीय नकाशावर गोल ठिपक्यासारखी उमटते म्हणतात, पण इथे मुळात सगळा पाषाणच चुंबकीय. जत्रेच्या गर्दीत शिट्टी वाजवून पोराला हाक मारण्यासारखा प्रकार. चकाकणारं काही मिळालंच तर ती बहुधा गारगोटी. पाषाणाच्या पोकळ्यांत क्वार्ट्झ, झिओलाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक इतके देखणे वाढतात की सिन्नरला त्यांचं अख्खं संग्रहालय आहे. आणि गारगोटी नावाचं गाव तर आपल्या निपाणीहून फार लांब नाही. त्या गावाच्या नावावर कंपनी काढली असती तर निदान नाव तरी खरं ठरलं असतं. सापडलेला खडा हिरा आहे की नाही हे पाहायला हातोडा मात्र मारू नका. हिरा सगळ्यात कठीण असला तरी ठिसूळ असतो. खरा असला तर फुटेल, आणि मग तो खरा होता हे कुणी मानणार नाही.

यंत्रांपेक्षा मला दोन देशी खुणा जास्त आवडतात. पहिली वारूळ. बोत्स्वानातल्या कलहारी वाळवंटात वाळवी खोलातून मातीचे कण वर आणते, आणि त्या वारुळांतले गार्नेट-इल्मेनाइटचे कण शोधकांनी तपासले. आपल्याकडे वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात वारुळावरून पाणी ओळखायला शिकवलं आहेच, म्हणजे पाणाड्याचं आणि भूवैज्ञानिकाचं गुरुकुल एकच. नमुना घ्यायला नागपंचमीच्या दिवशी जाऊ नका, बायका ऐकून घेणार नाहीत. एरवीही फार आशा ठेवू नका. चिकोडीची वाळवी मेहनती असली तरी ती पाषाण पोखरत नाही, तलाठ्याचं दप्तर पोखरते. दुसरी खूण केवड्याची. लायबेरियात स्टीफन हॅगर्टी यांना २०१५ मध्ये आढळलं की तिथली केवड्याच्याच जातकुळीतली एक काटेरी वनस्पती किंबर्लाइटवरच्या मातीतच वाढते. आपल्याकडे केवड्याच्या बनात नाग असतो असं आजी सांगायची. धनावर नाग बसतो असंही तीच सांगायची. दोन्ही वाक्यं एकत्र करून पत्रक काढण्याची मुभा आहे.

प्रत्यक्ष बोरकडे वळू. पाण्याच्या बोरची गाडी इथे चालत नाही, कारण तिचा हॅमर दगडाचा भुगा करतो आणि कंप्रेसर तो भुगा शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडवतो. इथे दगडाची अखंड कांडी वर काढायची असते. तिला कोअर म्हणतात. पोकळ नळीच्या टोकाला बिट, बिट गोल फिरतो, नळीत दगडाची कांडी भरत जाते, ती पेटीत ओळीने मांडून प्रत्येकीवर खोली लिहायची. आणि हा बिट कशाचा? हिऱ्यांचा. धातूच्या कडीत बसवलेले बारीक, बहुधा कारखान्यात बनवलेले हिरे. म्हणजे बोर सुरू झाली त्या क्षणी हिरेकोडीच्या जमिनीखाली हिरा असल्याचं आपण शपथेवर सांगू शकतो. तो आपणच नेऊन घातला आहे, आणि दर मीटरला झिजतो आहे.

बांधावर गर्दी जमेल. कुणीतरी विचारेल, 'काय लागलं ओ?' तुम्ही म्हणायचं, 'अजून पाषाणच आहे आण्णा.' आण्णा म्हणतील, 'मग माझ्या बोरला काय वेगळं लागलं होतं?' या प्रश्नाला कुठल्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही.

समजा, किंबर्लाइट लागला. तरी जगातल्या किंबर्लाइटांपैकी खाण चालवण्याजोगे शंभरात एखाददुसरेच. तेव्हा कांडी प्रयोगशाळेत जाते, कॉस्टिक सोड्यात तापवून वितळवतात आणि उरलेले बारीक हिरे मोजतात. मोठ्या प्रमाणावर दगड असेल तर चरबी लावलेल्या तक्त्यावरून पाण्याबरोबर खडी सोडतात. हिरा पाण्याने भिजत नाही, तो चरबीला चिकटून बसतो. (आमच्या गल्लीतले काही लोकही असेच असतात.) मग निघतो उतारा. उतारा हा शब्द ऊसवाल्याला शिकवायला नको, म्हणून आकडे समोरासमोर ठेवतो. पन्ना जिल्ह्यातली एनएमडीसीची मझगवां खाण ही देशातली एकमेव यांत्रिक हिरेखाण. तिथे शंभर टन दगडामागे साधारण दहा कॅरेट हिरा मिळतो. पाच कॅरेटचा एक ग्रॅम. म्हणजे शंभर टनांत दोन ग्रॅम. आपल्या पट्ट्यात शंभर टन ऊस गाळला की दहा टनांहून जास्त साखर पडते. २०२४-२५ च्या एफआरपीने, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दराने, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये धरले तर, शंभर टन उसाचे तीन लाख चाळीस हजार होतात, आणि तरी आपण काट्याबद्दल कुरकुरत घरी येतो. दोन ग्रॅम हिऱ्यासाठी शंभर टन कातळ फोडणारा माणूस काट्यावर काय बोलत असेल, याचा विचार करावा.

हिरे सापडले तरी काम संपत नाही, हे बुंदेलखंडात पाहा. छतरपूर जिल्ह्यातल्या बक्सवाहाच्या जंगलात रिओ टिंटो या अवाढव्य कंपनीला २००४ मध्ये हिऱ्यांची पाइप मिळाली. २०१७ मध्ये कंपनी सगळं मध्य प्रदेश सरकारच्या हवाली करून निघून गेली. २०१९ मध्ये पुन्हा लिलाव झाला, मग दोन लाखांवर झाडं तुटणार म्हणून आंदोलनं आणि कोर्ट. ही थोरल्यांची गत. आपण तर चिक्क.

त्यापेक्षा पत्रकं काढणं सोपं, आणि या धंद्यातलं खरं पीक तेच. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भाकणूक होते: पाऊस, पीक, रोगराई, राजकारण. माणसं ऐकतात, डोकं टेकवतात, घरी जातात. ज्युनिअर कंपनीची भाकणूक दर तिमाहीला होते आणि शेवटी शेअरचा भाव सांगितला जातो. 'क्षेत्र चारही दिशांना मोकळं आहे' म्हणजे कुठल्याच दिशेला काही लागलं नाही. 'भूरचना अनुकूल' म्हणजे दगड आहे. इथपर्यंत चालतं. पुढे जाऊन नमुन्यात भेसळ करू नका. कॅलगरीच्या ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात बुसांगला सोन्याचा डोंगर सापडल्याचं सांगितलं. कोअरची अर्धी कांडी जपून ठेवायची रीत सोडून अख्ख्या कांड्या दळल्या आणि चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलं. १९९७ मध्ये सगळं उघडं पडलं, आणि त्यांचा एक भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून पडून गेला. त्याआधी १८७२ मध्ये फिलिप अर्नोल्ड आणि जॉन स्लॅक या दोन चुलतभावांनी अमेरिकेत माळावर विकतचे हिरे-माणकं पेरून बड्या सावकारांना गंडवलं. क्लॅरेन्स किंग नावाचा भूवैज्ञानिक तिथे गेला तर मुंग्यांच्या वारुळांत माणकं, आणि शेजारी काठीने पाडलेलं भोक. तेव्हा वारुळाचा नमुना घ्याल तर काठी घरी ठेवून जा.

परवान्याचं थोडक्यात. २०२३ मध्ये खाण कायदा बदलून खोलातल्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी शोध-परवाना आणला. त्यात हिरा आहे. एका परवान्यात एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र, आणि बोली उलटी: पुढे खाण लिलावात गेली तर आपल्याला कमीत कमी वाटा चालेल असं जो म्हणेल त्याला परवाना. भाऊबंदकीच्या वाटणीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही बोली जमणार नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाची मात्र काळजी नको. १९५६ पासून तो जमिनीवर आडवा पडला आहे, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पाइप उभी असते. हिरा लागलाच तर मात्र दोन्ही राज्यांना चिकोडीबद्दल एकाएकी माया वाटू लागेल, तेवढी तयारी ठेवा.

शेवटची पायरी थट्टेतली नाही. बोर हिऱ्याची असो की पाण्याची, कोरडी गेली की केसिंग उपसून विकायला नेतात आणि भोक तसंच राहतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये याच बेळगाव जिल्ह्यात, अथणी तालुक्यातल्या झुंजरवाडला, सहा वर्षांची मुलगी अशाच उघड्या बोरमध्ये पडली. दोन दिवसांहून जास्त वेळ खणत होते. ती जिवंत निघाली नाही. पडीक बोर तळापासून माती-वाळू-दगडांनी जमिनीपर्यंत भरून काढावी, असं सुप्रीम कोर्टाने त्याच्या सात वर्षं आधी, २०१० मध्येच सांगितलं होतं. काकांच्या पहिल्या दोन बोरवर आम्ही कितीतरी वर्षं नुसती फरशी ठेवली होती. परवा दोन ट्रॉल्या मुरूम टाकून त्या भरल्या. तुमच्या शिवारात एखादी उघडी असेल तर कंपनी नंतर काढा, आधी ती बुजवा.